नववा ठोका

साठ पांढऱ्या चादरी, डबल बेडच्या, खळ कडक, आणि घड्या घालायच्या नाहीत, नुसत्या सैल दुमडून पाठवायच्या. ताईचा हा निरोप आला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. आमच्या लाँड्रीतून घडी न घातलेली चादर आजवर बाहेर गेलेली नाही. पण निरोप ताईचा होता, आणि ताईचं नाव ऐकलं की माझी अक्कल पहिल्यापासूनच रजेवर जाते.

"कशाला हव्यात एवढ्या?" मी फोनवर विचारलं.

"कार्यक्रम आहे माझा. रविवारी, दुपारी चारला. तू यायचंयस. तिकीट पाठवते, पुढून चौथी रांग."

"आणि घड्या का नकोत?"

"ते बघशीलच की," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याने मी विरघळले. मला वाटलं, हिने माझ्यासाठी काहीतरी राखून ठेवलंय.

असं वाटायला कारण होतं. दोनच महिन्यांपूर्वी ती स्वतः लाँड्रीत येऊन रेकॉर्ड घेऊन गेली होती. वर्षातून दोनदा फोन करणारी माझी बहीण, नाचाचे कार्यक्रम बसवणारी, पेपरात फोटो येणारी, माझ्या काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "बारके, पिवळी बस ऐकावीशी वाटते गं फार. थोडे दिवस देशील?" बारकी म्हणजे मी. अठ्ठेचाळीस वर्षांची झाले, वजनाने तिच्या दीडपट आहे, तरी बारकीच. मी रेकॉर्ड धुतलेल्या अभ्र्यात गुंडाळून दिली, आणि ती गेल्यावर मागच्या खोलीत जाऊन थोडी रडलेसुद्धा. मूर्ख कुठली.

पिवळी बस हे काही त्या रेकॉर्डचं खरं नाव नव्हे. खरं नाव वळणावळणाच्या अक्षरांत होतं आणि ते वाचायच्या भानगडीत आम्ही कधी पडलो नाही. कव्हर पिवळंजर्द, त्यावर एका बसपुढे मोठाल्या कॉलरचे सहा जण उभे, आणि त्यातल्या एकाचे फोटो काढताना नेमके डोळे मिटलेले. आम्हाला तोच सगळ्यात जास्त आवडायचा.

ती आमच्याकडे आली मळक्या कपड्यांतून. आईच्या लाँड्रीत तेव्हा तीन हॉटेलांच्या चादरी यायच्या, आणि गाठोडी सोडायचं काम माझं होतं. चादरींत काय काय सापडायचं! चष्मे, एकेकटे मोजे, एकदा तर कुणाची कवळी. त्या वस्तूंसाठी आईचा नियम होता. वस्तूवर चिठ्ठी डकवायची: तारीख, हॉटेल, सापडली कोणाला. मग ती कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि हॉटेलला कळवायचं. तीन महिन्यांत कोणी विचारलं नाही तर जिला सापडली तिची. कवळी ताईला सापडली होती, आणि तीन महिने झाल्यावर तिने ती मला वाढदिवसाला दिली.

रेकॉर्ड मात्र मला सापडली. मी अकरा वर्षांची होते. डब्यात ती मावेना, म्हणून आईने ती डब्यामागे भिंतीला टेकवून ठेवली आणि कव्हरच्या पाठीवर आपल्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी डकवली. तारीख, हॉटेल, आणि शेवटी 'बारकीला'. तीन महिने मी रोज स्टुलावर चढून ती चिठ्ठी वाचायचे आणि मालक विसरभोळा निघू दे म्हणून देवाची विनवणी करायचे. तो निघाला.

बाबा वारल्यापासून त्यांचा रेकॉर्ड प्लेअर मागच्या खोलीत पडून होता. ताईने त्यावरची धूळ पुसली, मी सुई टेकवली. आधी आली ती बेस गिटार. ती मला कानांनी नाही, पोटाने ऐकू आली. मग ढोलवाला आला, मग तो विजेवरचा पियानो, मग दोन ट्रम्पेट एकमेकांवर ओरडू लागले, आणि गाणारं कोणीच नाही! असल्या वाजवण्याला जॅझ-फंक म्हणतात हे मला फार वर्षांनी रेडिओवर कळलं. आम्ही त्याला 'आपलं' म्हणायचो. 'चल, आपलं लाव.'

पुढच्या खोलीतून आई ओरडली, "भांडी पडली का गं?"

आईची जागा पुढे, रोलरच्या मोठ्या इस्त्रीपाशी. आमच्याकडे पाठ. त्या दिवसापासून दुपारी आम्ही शाळेतून आलो की ती दोन्ही कानांत कापूस घालायची. तिला ते वाजवणं मरेपर्यंत आवडलं नाही. पण आम्ही त्या तालावर चादरींच्या घड्या घालायला लागल्यापासून काम दीडपट उरकतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि कामापुढे आई सगळं चालवून घ्यायची.

चादरीची घडी हे दोन माणसांचं काम आहे. समोरासमोर उभं राहायचं, दोघींनी दोन-दोन टोकं धरायची. ताणायची, झटकायची. उभी अर्धी, परत अर्धी. मग चालत एकमेकींकडे जायचं, एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची, खाली वाकून लोंबता मधला भाग उचलायचा, परत जवळ जायचं. आम्ही ते मोजून बसवलं होतं. आठ-आठ ठोक्यांचे चार फेरे, की एक चादर झाली. रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला अठरा चादरी, दुसऱ्या बाजूला सतरा.

सतराच, कारण दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्यात गोम होती. तो ढोलवाला दर चौथ्या फेऱ्यात आठ सोडून नऊ ठोके मारायचा. मुद्दाम की चुकून, देव जाणे. आम्हाला ते कळायच्या आधी आमच्या पायांना कळलं. पहिल्याच दुपारी ताई आठ मोजून पुढे आली, मी नऊ ऐकून वाकलेली वर उठले, आणि तिचं कपाळ माझ्या तोंडावर असं आदळलं की माझा पुढचा दात अर्धा तुटून चादरीत पडला. मी भोकाड पसरणार होते. पण ताई कपाळ धरून खाली बसली आणि इतकी हसायला लागली, की मी रक्ताळलेल्या तोंडाने तिच्याबरोबर हसत सुटले. दात आम्ही चिठ्ठी डकवून डब्यात टाकला. तीन महिन्यांत कोणी मागितला नाही.

दात पुढे कधी बसवून घेतला नाही. हसताना तोंडावर हात धरायची सवय लागली ती लागलीच.

त्यानंतर आम्ही नियम केला. नवव्या ठोक्याला जागच्या जागी थांबायचं आणि एकमेकींना जीभ काढून दाखवायची. मग पुढे चालायचं. आठ वर्षं, सुट्टीचे दिवस सोडले तर रोज, आम्ही एकमेकींना जीभ काढून दाखवली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं काय, असं कोणी विचारलं तर मी बाकी काही न आठवता हेच सांगेन. लग्न केलं, मोडलं, लाँड्री मोठी केली, आईचं सगळं केलं. पण सुख म्हणाल तर ते मागच्या खोलीत, खळीच्या वासात, नवव्या ठोक्याला.

आठ वर्षं म्हणाले, पण हिशेब बरोबर नाही. पाचच. बावीस वर्षांची होईपर्यंत ती राहील असं धरून मी आठ म्हणत आले आहे. ती एकोणिसाव्या वर्षी गेली. एका नाचाच्या मंडळाबरोबर. मला म्हणाली, "आठवड्यात येते. आईला सांगू नकोस, मैत्रिणीकडे गेलीय म्हण." मी आठ दिवस मूग गिळून बसले आणि नवव्या दिवशी आईचा मार खाल्ला. ताई आली ती सव्वा वर्षाने, दोन दिवसांसाठी. तोवर माझी शाळा सुटली होती, कारण चादरी काही कोणाच्या परत येण्याची वाट बघत थांबत नाहीत. त्याचाही राग मी कधी धरला नाही. तिच्या पायांत नाच होता, तो काही लाँड्रीत मावला नसता. मी स्वतःला समजावलं की ती जिथे नाचते तिथे आमच्या दुपारी नाचतात. हे मी लोकांना सांगायचेसुद्धा! गिऱ्हाइकांना थांबवून सांगायचे.

तर त्या रविवारी मी कपाटातला निळा ड्रेस काढला, स्वतः इस्त्री केला, आणि चौथ्या रांगेत जाऊन बसले.

कार्यक्रमाचं नाव होतं 'चादरी'. खुर्चीवर एक छापील पुस्तिका ठेवलेली होती आणि तिच्या मुखपृष्ठावर आपली पिवळी बस, मिटल्या डोळ्यांच्या माणसासकट. मी चष्मा लावला.

'माझी आई लाँड्री चालवायची,' ताईने लिहिलं होतं. 'बाबा गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. एक दिवस मळक्या चादरींत मला एक रेकॉर्ड सापडली. आईला ती माझ्याइतकीच आवडली. दर दुपारी आई आणि मी त्या तालावर चादरींच्या घड्या घालायचो. एकदा ठोका चुकला, आईचं कपाळ माझ्या तोंडावर आपटलं आणि माझा दात तुटला. आईने मला जवळ घेतलं. तो क्षण म्हणजे माझा पहिला नाच.'

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, छपाईत चूक झाली असेल. आम्ही दोघीच उरलो! मी पान उलटून पाहिलं. आभारांची मोठी यादी होती. दिवेवाल्याचे आभार, हॉलच्या चौकीदाराचे आभार, सगळ्यात खाली 'लाँड्री सेवा' म्हणून आमच्या दुकानाचं नाव. केसाने गळा कापणं म्हणतात ते एवढ्या बारीक टायपात छापलेलं असतं हे मला माहीत नव्हतं.

उठून जावं असं वाटलं, तेवढ्यात अंधार झाला.

पडदा उघडला. स्टेजच्या एका कोपऱ्यात रेकॉर्ड प्लेअर, आणि मागे माझ्या साठ चादरी, ढिगाने. घड्या का नकोत ते आता कळलं. घड्या स्टेजवर घालायच्या होत्या. प्रकाशात काय पांढऱ्या दिसत होत्या! खळ बरोबर बसली आहे हे मला चौथ्या रांगेतून दिसलं आणि तेवढ्यातही बरं वाटलं, याचीच लाज वाटली. ताई आली, बाह्या वर दुमडलेल्या, आईसारखे केस बांधलेली. समोर एक वीस-बावीस वर्षांची पोरगी, दोन वेण्यांची. सुई टेकली. बेस गिटार आली ती थेट माझ्या पोटात.

आणि ते सुंदर होतं, हे सांगायलाच हवं. खोटं कशाला बोलू? ताण, झटका, अर्धी, अर्धी, चाल, दे, वाक. प्रत्येक पाऊल आमचं. माझी कंबर जरा डावीकडे झुकते, तीसुद्धा त्या पोरीने उचलली होती. म्हणजे ताईने तिला शिकवलं होतं. म्हणजे ताईला माझी कंबर आठवत होती! मग मी कशी नाही आठवले?

दुसरी बाजू, तिसरं गाणं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. चौथा फेरा आला. सात, आठ, आणि नवव्या ठोक्याला पोरगी थांबली, आणि आई झालेली ताई एक पाऊल पुढे आली, तिने मान वाकवली आणि पोरीच्या कपाळाचा मुका घेतला.

हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. आमच्या आईने आम्हाला जन्मात कपाळावर मुका दिला नाही. ती तापात कपाळाला हात लावायची, तोही उलट्या पंजाने. नवव्या ठोक्याची जागा माझ्या जिभेची होती. त्या जागेवर ताईने दर चौथ्या फेऱ्याला, चादरीमागून चादर, मुके ठेवत नेले आणि लोक रडत राहिले. शेजारच्या बाईंनी मला कागदी रुमाल दिला.

"तुम्हालाही आईची आठवण आली ना?" त्या हळूच म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार होते?

खेळ संपल्यावर गप्पांचा कार्यक्रम होता. ताई घाम पुसत खुर्चीवर बसली. एका गृहस्थांनी माइक हातात घेऊन विचारलं, "हे सगळं खरंच घडलंय?"

"अक्षर न् अक्षर," ताई म्हणाली.

मग मागून एका मुलीने विचारलं, "तुमच्या घरचं कोणी आज इथे आलंय का?"

ताईने मान वर केली आणि चौथ्या रांगेकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली. हॉलचे दिवे लागलेले होते, मला ती स्वच्छ दिसत होती, तिला मी. मी ताठ बसले. ड्रेस सारखा केला. आता उभं राहावं लागेल, लोक वळून बघतील, म्हणून माझा हात आपोआप तोंडाकडे गेला. पुस्तिकेत लिहिलं ते लिहिलं, मी मनात म्हटलं, छापताना माणूस काहीही लिहितो, पण आता तोंडाने सांगेल.

"नाही," ताई म्हणाली. "माझं असं कोणी उरलं नाही. ही रेकॉर्ड तेवढी आहे."

टाळ्या पडल्या. दोन्ही बाजूंचे लोक टाळ्या वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या.

सोमवारी सकाळी ती टेम्पोतून चादरींची गाठोडी घेऊन आली. स्वतः. गाठोडी ड्रायव्हरकडून काउंटरवर ठेवून घेतली, त्याला बाहेर पाठवलं, आणि अभ्र्यात गुंडाळलेली रेकॉर्ड माझ्यापुढे ठेवली.

"बोल," ती म्हणाली. "शिव्या घाल. मी तयारीने आलेय."

शिव्या मी रात्रभर घोकल्या होत्या. एकही आठवेना. मी म्हटलं, "तू मला बघितलंस."

"बघितलं."

"आणि नाही म्हणालीस."

"अगं, पुस्तिका छापून झालेली. स्टेजवर आई आणि मुलगी. तिथे मधेच 'खरं तर ही माझी बहीण' म्हणून तुला उभी केली असती तर सगळ्याचा विचका झाला असता."

"मग पुस्तिकेत का नाही लिहिलंस? दोन बहिणी होत्या म्हणून?"

ताईने एका गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. लहानपणापासून उत्तर द्यायचं नसलं की हिला हाताला काम लागतं. "दोन बहिणी लिहिलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, दुसरी कुठे आहे, काय करते?"

"मग सांगायचंस. चादरी धुते. तुझ्याच."

"तेच तर!" ती एकदम चिडून म्हणाली. "ते कसं सांगू? की मी आठवड्याचं सांगून निघून गेले आणि ती अजून तिथेच उभी आहे? ते ऐकून कोण रडेल, सांग? लोक मला शिव्या घालतील. आई गेलेली आहे, बारके. गेलेल्या माणसाबरोबर नाचता येतं. जिवंत माणूस मधेच उठून 'असं नव्हतं' म्हणतो."

निदान एवढं तरी खरं बोलली. मी अभ्रा सोडून रेकॉर्ड बाहेर काढली आणि सवयीने कव्हर उलटं केलं. चिठ्ठी नव्हती. जिथे आईचं अक्षर होतं तिथे पिवळ्यावर एक फिकट चौकोन उरला होता, डिंकाचे दोन ओरखडे आणि बाकी काही नाही.

"चिठ्ठी कुठंय?"

"कसली? अच्छा, तो कागद. फोटो काढणाऱ्या पोराने साफ केलं असेल सगळं. पोस्टरला हवं होतं ना."

'बारकीला' हा एकच शब्द होता त्या घरात माझ्या नावाने लिहिलेला. मी रेकॉर्ड घेऊन मागच्या खोलीत गेले, दुसरी बाजू लावली, सुई तिसऱ्या गाण्यावर टेकवली आणि हाक मारली, "ताई, एका चादरीची घडी घाल माझ्याबरोबर. मग जा."

"अगं, आता?"

"एकच."

मला तिची परीक्षा घ्यायची नव्हती, किंवा असेल, पण भांडणासाठी नव्हे. कागदावरून मला काढलं, स्टेजवरून काढलं, तोंडाने काढलं. तिच्या अंगात तरी मी उरलेय का, एवढंच मला बघायचं होतं. पाय खोटं बोलत नाहीत असं मला वाटत होतं. तिच्या पायांनी एकदा जरी बरोबर ओळखलं असतं तर मी पुस्तिका फाडून चुलीत घातली असती आणि सगळं माफ केलं असतं. खरंच केलं असतं.

एक धुतलेली चादर धरून आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. बेस गिटार आली. ताण, झटका. बत्तीस वर्षं झाली पण आम्ही दोघींनीही एकदम अर्धी केली, एकदम परत अर्धी, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. माझ्याही. पहिला फेरा, दुसरा, तिसरा. चालत जवळ आलो, मी टोकं तिच्या हातात दिली, वाकले. चौथा. पाच, सहा, सात, आठ.

नवव्या ठोक्याला मी थांबले आणि जीभ काढली.

ताई थांबली नाही. ती एक पाऊल पुढे आली, मान वाकवली, ओठ पुढे केले, आणि तिचं कपाळ माझ्या हनुवटीवर येऊन थडकलं. माझी जीभ दातांत सापडली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

ताई मागे झाली आणि हसायला लागली. अगदी तेव्हासारखी, कपाळ धरून, गदगदा. "परत!" ती म्हणाली. "परत तेच! बारके, तेव्हा माझा दात तुटला होता, आठवतं?"

ती नाटक करत नव्हती. तिची नाटकं मला कळतात, मी तिच्यासाठी आठ दिवस आईशी खोटं बोलले आहे. तिने बोट आपल्या पुढच्या दाताला लावलं होतं, दुखऱ्या जागेला लावतात तसं. ती खोटं बोलत असती तर बरं झालं असतं. मग खरं काय ते निदान तिच्याजवळ कुठेतरी लपवलेलं तरी असतं. तिच्याजवळ काहीच नव्हतं. त्या सगळ्या दुपारी आता एकट्या माझ्या होत्या, आणि एकटीजवळ असलेली गोष्ट खरी की खोटी हे कोण सांगणार?

मग मी हसले. तोंडावर हात न धरता, पूर्ण तोंड उघडून. जिभेचं रक्त दातांवर आलं असणार.

ताईचं हसू हळूहळू थांबलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिचं बोट अजून तिच्या दातावर होतं. ते तिने दातावरून फिरवलं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. अख्खा दात. मग हात खाली आला.

"बारके," ती म्हणाली. "अगं, मला खरंच..."

मी सुई उचलली. मागच्या खोलीत एकदम शांत झालं.

"रेकॉर्ड इथेच राहू दे," मी म्हटलं. "चादरी उद्या धुऊन पाठवते. परवाच्या खेळाला लागतील ना?"

"आधी ही तरी पुरी करू," ती म्हणाली. तिच्या हातात अजून चादरीची दोन टोकं होती. तिचे डोळे भरले होते. "धर ना गं. एकटीने कशी घालशील?"

मी पुढे होऊन तिच्या हातातून टोकं सोडवून घेतली. चादर हनुवटीखाली दाबली, दोन्ही हात पुरतील तेवढे पसरले, छातीशी आणून अर्धी केली, परत अर्धी केली, पोटाशी धरून दुमडली आणि तिच्यापुढे टेबलावर ठेवली. कडेला कड लागलेली, एक सुरकुती नाही.

"तू गेलीस त्याच आठवड्यात शिकले," मी म्हटलं.